रात्री दहानंतरची माझी नोकरी

मैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून फसवलं असं म्हणायला नको. माझं वय त्रेपन्न. भोरला आमचं जुनं घर आहे. रोज रात्री दहा वाजता, सासूबाईंना औषध देऊन त्यांची मच्छरदाणी खोचून झाली, की मी कॉम्प्युटरसमोर बसते आणि बंदुकांचा खेळ खेळते. चेष्टा नाही. कानाला हेडफोन, डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर आणि उजव्या हातात माऊस. शेजारच्या वहिनींनी एकदा खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दळण टाकायला जाताना हळूच विचारलं, "काय हो, ऑनलाइन शिकवण्या घेता वाटतं?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. खरं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं.

आता एवढं मात्र खरं, की या खेळात मी कुणाला मारत नाही. एक लहानसं पिस्तूल मिळतं मला, पण ते मंगळसूत्राला अडकवलेल्या सेफ्टी पिनेसारखं. वेळेला असावं म्हणून ठेवायचं, इतकंच. माझं काम जखमींना बरं करायचं. मुलं त्याला 'हीलर' म्हणतात.

खेळाचं नाव ओव्हरवॉच. अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने तो २०१६ च्या मे महिन्यात बाजारात आणला. आमच्या डावात एका बाजूला पाच गडी असतात. एक पुढे राहून मार खाणारा, त्याला 'टँक' म्हणायचं. दोघे गोळीबार करणारे. आणि राहिलेले दोघे त्या सगळ्यांना जगवणारे. खेळणारे पाचही जण कुठे कुठे बसलेले असतात, कुणी पुण्यात, कुणी नाशकात, कुणी पार सिंगापूरला. जगवणाऱ्यांमध्येही प्रकार आहेत. एकजण गाणी लावून बरं करतो. एक साठीची मिसरी बाई आहे, अॅना तिचं नाव, ती आपल्याच माणसांना औषधाच्या गोळ्या बंदुकीतून मारते! मला ती फार आवडते, पण तिला नेम लागतो आणि आपल्याकडे नेमाचा दुष्काळ. म्हणून मी घेते मर्सी. ती डॉक्टरीण. पाठीला पंख आणि हातात काठी. काठीतून पिवळा झोत निघतो, तो आपल्या माणसाला जोडला की त्याची जखम भरत जाते. तीच काठी दुसऱ्या बटणाने निळी होते, मग त्याच्या गोळीचा जोर वाढतो. मी या झोताला 'दोरी' म्हणते आणि आता मुलाचे मित्रसुद्धा "काकू, दोरी!" असंच ओरडतात. दोरीला लांबी ठरलेली आहे. माणूस फार पुढे गेला, भिंतीआड गेला, की ती तुटते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी या फंदात पडले ती २०२० च्या टाळेबंदीत. वसतिगृह बंद झालं आणि आमचे चिरंजीव पुण्याहून कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून घरी आले. दिवसभर कॉलेजचे तास आणि रात्री हा खेळ. मी चहा घेऊन जाई आणि मागे उभी राहून बघे. एका संध्याकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. मोटर बंद करायला तो पळाला आणि पळता पळता माऊस माझ्या हातात कोंबून म्हणाला, "आई, नुसतं हे बटण दाबून धर आणि त्या ढालवाल्या म्हाताऱ्याच्या मागे राहा. बाकी काही करू नको." मी धरून राहिले. श्वासही घेतला नसेल बहुधा. तो परत आला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, हा जिवंत आहे अजून!" परीक्षेत नंबर आल्यावरसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

पुढे दोन वर्षं मी त्याच्या खात्यावरच लुडबुड करत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती फुकट झाली. तोवर चिरंजीव पुण्यात नोकरीला लागले होते आणि जुना कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला होता. मग मी माझं स्वतःचं खातं उघडलं. तिकडे धायरीच्या खोलीत तो, इकडे भोरला मी, आणि त्याचे दोघे-तिघे मित्र. फोनवर या मुलाशी बोलायचं म्हणजे "जेवलास का", "हो", "बरा आहेस ना", "हो", की संपलं. खेळताना मात्र तासभर बोलणं चाले. बोलणं म्हणजे "डावीकडे बघ", "थांब, येते" असलंच. पण आवाज कानात असे.

ह्यांना ते पसंत नव्हतं. "शिकलेल्या बाईने रात्री-बेरात्री बंदुका चालवायच्या!" म्हणून कूस बदलून झोपत. मी वाद घातला नाही. सासूबाईंना २०२१ साली पक्षाघात झाला, तेव्हापासून माझा दिवस त्यांच्या खाटेभोवती फिरतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना ठाऊकच असेल: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. भरवताना पाठीशी उशा देऊन बसवायचं, आडवं ठेवून भरवलं तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जायची भीती. चादरीला सुरकुती नको. ही कामं न संपणारी आहेत आणि नीट केली तर कुणाला दिसत नाहीत. पाठीला जखम झाली नाही, यात दिसण्यासारखं काय आहे? तेव्हा दहा ते बारा, दोन कुशींच्या मधल्या वेळात, मी खेळते. एक डाव दहा-पंधरा मिनिटांचा असतो, तो बरोबर बसतो.

मला हे काम जमलं कसं, असं मुलाच्या मित्रांना वाटे. त्यांना काय ठाऊक, मी ते दहाव्या वर्षीच शिकले होते.

माझं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतलं. (मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. नाव चांगलंच आहे, पण माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय.) तिकडे पाऊस म्हणजे पाऊस. आषाढात चिखलणी झाली की भातलावणी. बायका एका ओळीत वाकून, मागे मागे सरकत रोपं खोचत जातात. तरव्यातून उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधलेल्या असतात आणि त्या लावणाऱ्यांना पुरवायचं काम पोराटोरांचं. मूठ नेमकी कुठे टाकायची याला अक्कल लागते. हाताशी पडली पाहिजे. फार मागे टाकली तर बाईच्या पायात येते, फार लांब टाकली तर तिला कंबर सरळ करून चालत जावं लागतं, आणि एकदा कंबर सरळ केली की ती पुन्हा वाकवणं काय असतं ते लावणी करणारीलाच माहीत. मी सुरुवातीला कुणी "ए पोरी, मूठ!" ओरडलं की धावायची. आईने एकदा इरल्याखालून बघितलं आणि म्हणाली, "तोंडाकडं नको बघू गं. हाताकडं बघ. हातातली मूठ अर्धी झाली की टाक. वरडंस्तवर थांबलीस तर वळ मोडली."

ओव्हरवॉचमध्ये तेच. 'मला औषध द्या' असं ओरडायचं एक बटणच आहे. एक गेंजी नावाचा तलवारवाला आहे, त्याला घेणारी मुलं तर ते बटण दाबूनच जन्माला आलेली असतात. ओरडणाऱ्याकडे धावलं की गप्प बसलेला मरतो. जो गप्प आहे, कोपऱ्यात एकटा लढतो आहे, त्याच्या आयुष्याची रेघ अर्धी झाली की आपण तिथे असायचं. ती पाव होईपर्यंत थांबलं की वेळ गेली. चार माणसांच्या चार रेघा सारख्या नजरेत ठेवायच्या. कढीला उकळी, पोळी तव्यावर, कुकरची तिसरी शिट्टी आणि दाराशी दूधवाला, हे एकाच वेळी ज्यांनी सांभाळलंय त्यांना ते जड नाही.

हे 'बरं करणारा गडी' प्रकरण ओव्हरवॉचने काढलेलं नाही, असं मुलाचा एक मित्र सांगत होता. १९७४ साली अमेरिकेत फासे टाकून गोष्ट रचायचा एक खेळ निघाला, डंजन्स अँड ड्रॅगन्स, त्यात जखमा भरणारा पुजारी होता. बंदुकांच्या खेळात तो आणला ऑस्ट्रेलियातल्या काही हौशी मुलांनी. १९९६ साली त्यांनी टीम फोर्ट्रेस रचला, त्यात मेडिक होता. २००७ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, त्यातला मेडिक म्हणजे एक चक्रम जर्मन डॉक्टर. मी विचारलं, "इतक्या वर्षांत हे काम कुणी खुशीने घेतं का रे?" तर म्हणाला, "काकू, नाही ना. सगळ्यांना मारायचंच असतं. म्हणून तर तुम्ही आल्यावर आम्ही उड्या मारल्या."

म्हणजे इथेही तेच. आपल्या घरातलं जे काम, तेच तिकडे शिल्लक उरलेलं.

पण एक फरक आहे आणि तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी थक्क झाले. डाव चालू असताना एक बटण दाबलं की तक्ता उघडतो. कुणी किती मारलं, किती वेळा मेला, आणि कुणी किती बरं केलं, हे सगळं आकड्यांत. माझ्या नावापुढे एका डावात नऊ हजारांच्या वरचा आकडा होता. मी बघतच राहिले. लग्नाला तीस वर्षं झाली, इतक्या पोळ्या लाटल्या, इतके ताप काढले, पण कुणी आकडा लिहिला नव्हता. इथे दर डावाला लिहून येतो! मी त्या रात्री झोपले नाही म्हटलं तरी चालेल.

आणि मग माझी जी खोड मोडली ती सांगायला हवी. मला आकड्याची हाव सुटली. टँक सतत मार खातो, म्हणून त्यालाच दोरी जोडून ठेवली की आकडा भराभर चढतो. मी तेच करायला लागले. आकडा सगळ्यांत मोठा माझा आणि डाव आम्ही हरतोय! मुलाच्या मित्राने एका रविवारी झालेला डाव परत लावून दाखवला (तशी सोय आहे खेळात). बघते तर काय, टँक दादा ढालीआड खुशाल उभा, त्याला जेमतेम खरचटलेलं, आणि मी मागे तन्मयतेने त्याला तूप-मीठ लावत बसलेय. तिकडे आमची गोळीबारवाली एकटी जिन्यात अडकून मेली. एकदाही ओरडली नव्हती ती. माझा आकडा तेवढा वाढत होता. तेव्हापासून तो तक्ता मी डाव संपेपर्यंत उघडत नाही. एखादा डाव चांगला झाला तर आकडा लहानच येतो, कारण मुळात कुणाला फारसं लागलेलंच नसतं.

दुसरी खोड मोडायला जास्त दिवस लागले. मर्सीला मेलेल्याला उठवता येतं. पण त्यासाठी जवळजवळ दोन सेकंद त्याच्यापाशी हळू हळू, उघड्यावर राहावं लागतं, आणि एकदा उठवलं की पुढे अर्धं मिनिट ती विद्या चालत नाही. समोरच्या बाजूला ठाऊक असतं की हिला मारली की बाकीचे आपोआप मरतात, म्हणून सगळे टपलेले. कुणी पडलं की मी धावायची. धावले की मेले. मग उरलेले तिघेही मेले. चिरंजीव वैतागून म्हणाले, "आई, पडलेल्याच्या मागे मरायला जायचं नाही. तू आधी भिंत धर. तू जिवंत असलीस तर आम्ही आहोत." मी म्हटलं, "अरे पण तो पडलाय ना तिथे!" म्हणाला, "पडू दे. दहा-बारा सेकंदांत परत येतो तो." हे मला बुद्धीला पटलं, हाताला पटेना. माझे पाय आपोआप तिकडेच वळत. माझ्या कमरेचा पट्टाही त्याच स्वभावातून आलेला आहे: सासूबाईंना एकटीने उचलू नका, दुसऱ्याची मदत घ्या, असं डॉक्टर दोनदा सांगून बसले होते आणि मी दोनदा "हो" म्हटलं होतं.

अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी सहसा बोलत नाही. बाईचा आवाज ऐकला की काही पोरांच्या जिभेला हाड राहत नाही. शिवाय मर्सी घेतली की "हे बायकांचंच काम" असं ठरलेलं. एकदा चुकून बोलले, तर एक पोरगा हिंदीत म्हणाला, "आंटी, जाके रोटी बनाओ." मी म्हटलं, "बन गई बेटा. तूने खाना खाया?" दोन क्षण शांतता. मग बारीक आवाजात, "नहीं आंटी." नंतर सगळा डाव तो माझ्या आसपास राहून मला वाचवत होता. प्रत्येक वेळी असं होतं असं नाही हं. पुष्कळदा मी आवाज बंद करते आणि पुढे जाते.

हे सगळं झालं हसण्यावारी नेण्यासारखं. पुढचं तसं नाही.

२०२४ च्या जुलैची सुरुवात. पाऊस धरून बसला होता, नीरेला लाल पाणी आलेलं, दिवसातून चार वेळा वीज जायची. तरी इन्व्हर्टरवर आम्ही खेळत होतो. चिरंजीव घेतात तोच तो तलवारवाला गेंजी. त्याची खेळायची रीत मला माझ्या हातासारखी ठाऊक होती. पुढे झेप घ्यायची, दोन घाव घालायचे आणि लगेच माझ्यापाशी परत यायचं. मी भिंतीशी उभी, तो आला की दोरी जोडायची, भरला की परत सुटला. त्या आठवड्यात मात्र तो परत येईना. पुढे जायचा, तसाच पुढे जायचा. दोरी ताणायची आणि तुटायची. सारखा ओरडणारा हा मुलगा, एकदाही औषध मागेना. पहिल्या रात्री वाटलं, दमला असेल. दुसऱ्या रात्री त्याच्या मित्राने त्याला फटकारलं, तर तो "सॉरी" म्हणाला. सॉरी! हा? एरवी दहा कारणं सांगतो. तिसऱ्या रात्री डाव संपल्यावर मी विचारलं, "बरं नाही का रे?" "ठीक आहे." "ऑफिस?" "ठीक आहे."

रात्री दोन वाजता सासूबाईंची कूस बदलली आणि खाटेच्या कडेवर बसून राहिले. हे जागे झाले. मी म्हटलं, "मी उद्या पुण्याला जाते." "काय झालं?" मला सांगता येईना. काय सांगणार, की तो खेळात माघारी येत नाहीये? तरी तसंच सांगितलं. हे हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आईचं कसं करायचं ते लिहून ठेव."

लिहून ठेवलं. कपाटाच्या दाराला कागद चिकटवला: औषधं, कुशीच्या वेळा, पेज किती पातळ, उशी कुठे. सकाळची स्वारगेटची एसटी धरली. कापूरहोळ गेलं, खेड-शिवापूर गेलं, काचेवर पाण्याचे पाट. सबंध वाटेत मी स्वतःला वेडी म्हणत होते. तीन वर्षांत सासूबाईंना सोडून एक रात्र बाहेर काढली नव्हती आणि निघाले कशावर, तर खेळातल्या एका बाहुलीच्या चालण्यावर!

स्वारगेटहून धायरीची बस घेतली. दार उघडायला त्याला वेळ लागला. खोलीतला जोडीदार महिनाभर गावी गेलेला. पडदे ओढलेले, बिस्किटांचे रिकामे पुडे, आणि माझा मुलगा खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यासारखा. पाच आठवड्यांपूर्वी कंपनीने त्याला कमी केलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. साठवलेल्या पैशातून भाडं भरत होता आणि दिवसातून एकदा काहीतरी खात होता.

इथे माझ्याकडून चूक झाली ती लपवत नाही. मी बोलायला लागले. तुझे मामा शिरवळच्या कारखान्यात ओळख काढतील, तुझ्या बाबांनाही एकदा असंच झालं होतं, देवाच्या दयेने घर आहे, शेत आहे. बोलतेच आहे, बोलतेच आहे. त्याची मान खाली खाली जायला लागली. मेलेल्याला उठवायला उघड्यावर धावण्याचीच ती जात, फक्त तोंडाने. मग माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. नखं पार मुळापर्यंत खाल्लेली. मी गप्प झाले. उठून भांडी घासली, डाळ-तांदूळ शोधून मऊ खिचडी टाकली. वर तूप नव्हतं, तेलाचीच धार धरली. तो दोन ताटल्या जेवला. मग झोपला तो संध्याकाळपर्यंत. मी नुसती बसून होते.

दिवेलागणीला उठला आणि म्हणाला, "आई, तुला कळलं कसं?"

"तू माघारी येत नव्हतास."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला दिसतं ते?"

"मला तेवढंच दिसतं रे. मी मागेच उभी असते, मला सगळ्यांच्या पाठीच दिसतात."

तेव्हा तो रडला. मी दोन रात्री राहिले. दुसऱ्या रात्री तो म्हणाला, की कधी कधी सकाळी उठावंसंच वाटत नाही आणि नको ते विचार येतात. माझे हातपाय गार पडले, पण ओरडले नाही. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, नंबर १४४१६. फोन फुकट, कुठल्याही वेळी लागतो आणि आपल्या भाषेत बोलता येतं. आमच्या आशाताईंनी एकदा त्याचा कागद दिला होता, तो मी पिशवीत ठेवला होता सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर. फोन त्यानेच केला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडेही गेला. ही गोष्ट छापायची का, असं मी त्याला विचारलं होतं. "नंबर नक्की छाप," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन भोरला आले. दार उघडताच सासूबाईंची तक्रार ऐकू आली, अर्ध्या वाकड्या तोंडाने पण अगदी स्पष्ट: "याला सांग गं, रात्रभर झोपू देत नाही मला." ह्यांनी फोनवर दर दोन तासांचा गजर लावला होता आणि गजर वाजला की दिवा लावून, चष्मा घालून, कपाटावरचा कागद वाचून आईची कूस बदलली होती. टाचा तपासल्या. कुठे लाली नव्हती. ह्यांचे डोळे मात्र लाल. मला म्हणाले, "हे तू रोज करतेस?" मी काही बोलले नाही. पण रात्री दोनची कूस तेव्हापासून त्यांच्याकडे गेली ती गेलीच.

मुलगा तीन आठवडे राहिला. माहेरी लावणी चालू होती, तेव्हा त्याला घेऊन गेले. वाकायची सवय नाही, म्हणून माझ्या भावजयीने त्याला मुठी टाकायला लावलं. त्याने भलत्या बाईच्या पायात मूठ टाकली आणि शिव्या खाल्ल्या. चिखलाने भरलेला, पावसात उभा राहून हसत होता. वाडीत फोनला रेंज नसते, तेही एक बरंच झालं.

पुढे नोकरी लागायला पाच महिने गेले, आणि मधले काही दिवस वाईटही होते. आता आहे ती नोकरी लहान आहे, पगार आधीपेक्षा कमी. मित्रांपैकी एकजण बंगळूरला गेला, एकाचं लग्न झालं, त्यामुळे आमचे पाच आता क्वचितच जमतात. पुष्कळदा आम्ही दोघं आणि तीन अनोळखी.

काल रात्रीही तसंच होतं. लंडनच्या रस्त्यावरचा डाव, गाडी ढकलत न्यायची. आम्ही सपशेल हरत होतो. टँक निघून गेला होता. मी कोपऱ्यातल्या भिंतीशी उभी होते आणि तलवारवाला समोरच्या चौकात तिघांच्या मध्ये सापडला होता. रेघ पाववर आली. मी पाय आवरून धरले. तेवढ्यात त्याने उडी मारली, गाडीवरून आला, माझ्या शेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, "आई, दे." मी दोरी जोडली.

इकडे बाराचा गजर वाजला. मी हेडफोन काढायला हात नेला, तर आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "बस तू. आईचं मी बघतो."